‘फॉल थ्रू’: ठरलेलं फिसकटलं की इंग्रजीत काय म्हणायचं

इंग्लंडमध्ये घर घ्यायला निघालेला माणूस एक क्रियापद कुणी न शिकवता शिकतो, ते म्हणजे ‘फॉल थ्रू’. मी मूळची कराडची. इथं लेस्टरमध्ये एका सॉलिसिटरच्या ऑफिसात घरखरेदीच्या फायली सांभाळते. सकाळी फोन उचलावा आणि पलीकडच्या इस्टेट एजंटनं हवापाणी विचारायच्या आधीच ‘बॅड न्यूज, इट्स फॉलन थ्रू’ म्हणावं, हे आमच्याकडं नेहमीचंच. ‘इट’ म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही आणि मला विचारावं लागत नाही. ठरलेला व्यवहार फिसकटला, एवढंच.

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. परदेशी ग्राहकाला मेल पाठवायच्या आधी कधीकधी तो मला दाखवतो. त्याचे मित्रही आता त्याच्यामार्फत मेल पाठवायला लागलेत, ‘मावशींना विचार ना’ म्हणून. त्या मेलांत हे क्रियापद हमखास येतं आणि हमखास वाकडं येतं. ‘वी हॅव फॉलन थ्रू द मीटिंग.’ ‘द डील वॉज फॉलन थ्रू.’ ‘माय इंटरव्ह्यू फेल थ्रू’, आणि हे शेवटचं वाक्य लिहिणारा मुलगा मुलाखत देऊन, नापास होऊन घरी आलेला! प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

वाचायला बसण्याआधी लिपीची एक अडचण सांगते. इंग्रजीत ‘पडला’ आणि ‘नापास झाला’ हे दोन शब्द देवनागरीत लिहिले की दोन्ही ‘फेल’च दिसतात. म्हणून या लेखात ‘पडला’ या अर्थाचा शब्द ‘फेल’ असा लिहिते आणि ‘नापास’वाला ‘फेऽल’ असा. हा नुसता लिहिण्याचा प्रश्न नाही, उच्चाराचाही आहे. त्याकडं पुढं येते.

मराठीत आधी नीट म्हणा

हे क्रियापद वापरायचं की नाही हे ठरवायला मी एकच युक्ती सांगते. मनातलं वाक्य ‘फिसकटलं’ किंवा ‘बारगळलं’ हा शब्द घालून म्हणून बघा. बोलणी फिसकटली. सौदा फिसकटला. सहलीचा बेत बारगळला. हे कानाला बरोबर वाटलं, तर ‘फॉल थ्रू’ बिनधास्त वापरा. मुलाखत फिसकटली म्हणजे काय? मुलाखत ठरली होती, ती झालीच नाही. मुलाखत होऊन आपण नापास झालो, तर मराठीत आपण ‘फिसकटली’ म्हणणार नाही. ‘वाईट गेली’ म्हणू. इंग्रजीतही तसंच, ‘इट वेंट बॅडली’.

म्हणजे दोन गोष्टी हव्यात. आधी काहीतरी ठरलेलं हवं, निदान ठरत आलेलं हवं. आणि ते घडायचं बाकी हवं. फाटक्या खिशातून नाणं घरंगळावं तसं हे आहे. नाणं खिशात टाकलेलं असतं, आपल्या दृष्टीनं ते आपलं झालेलं असतं, आणि खर्च करायच्या आधीच ते निसटतं. जे खिशात टाकलंच नव्हतं ते ‘फॉल थ्रू’ होऊ शकत नाही. नुसत्याच बघितलेल्या आणि न आवडलेल्या घराबद्दल कुणी ‘इट फेल थ्रू’ म्हणत नाही.

आता ‘फिसकटणे’च का, ‘मोडणे’ का नाही? कारण माझ्या मते सगळ्या चुकांचं मूळ ‘मोडणे’मध्ये आहे. मराठीत ‘सौदा मोडला’ असंही म्हणतात आणि ‘त्यानं सौदा मोडला’ असंही. एकच रूप दोन्हीकडं चालतं. मोडणारा सांगितला तरी चालतं, नाही सांगितला तरी चालतं. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि ‘ही फेल थ्रू द डील’ लिहून मोकळे होतो. पण ‘त्यानं सौदा फिसकटला’ असं कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही. ‘फिसकटवला’ म्हणेल. ‘फॉल थ्रू’चा स्वभाव अगदी ‘फिसकटणे’सारखा आहे. गोष्ट आपसूक फिसकटते. कुणी ती ‘फॉल थ्रू’ करत नाही.

यातूनच व्याकरणाचे नियम निघतात. या क्रियापदाला कर्म नसतं, म्हणून ‘वी फेल थ्रू द मीटिंग’ चूक. कर्म नाही म्हणून कर्मणी प्रयोगही नाही, म्हणून ‘द डील वॉज फॉलन थ्रू’ चूक. ‘वॉज’च्या जागी ‘हॅज’ घाला, वाक्य जागेवर येईल: ‘द डील हॅज फॉलन थ्रू.’ दोन शब्दांच्या मध्ये काही घुसवायचं नाही. ‘जवळजवळ’, ‘ऐनवेळी’ वगैरे सांगायचं असेल तर ते आधी किंवा नंतर टाका: ‘इट ऑलमोस्ट फेल थ्रू’, ‘इट फेल थ्रू ॲट द लास्ट मिनिट’. कर्त्याच्या जागी माणूस आला तर अर्थच बदलतो. ‘आय फेल थ्रू’ म्हटलं की ऐकणारा जमिनीत भोक शोधायला लागतो, कारण बर्फातून किंवा कुजक्या फळीतून खाली जाणं हा याचा मूळ, अक्षरशः अर्थ आजही वापरात आहे.

‘आमचं’ फिसकटलं हे दुःख सांगायचं असेल, तर बोलीभाषेत शेवटी ‘ऑन अस’ किंवा ‘ऑन मी’ लावतात. ‘द फंडिंग फेल थ्रू ऑन अस.’ यात ‘आमच्या गळ्यात आलं’ असा सूर आहे. औपचारिक पत्रात नको.

घर विकण्याच्या धंद्यातलं ‘फॉल थ्रू’

हा शब्द जिथं रोज राबतो ती जागा दाखवते, म्हणजे त्याची हद्द कळेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये खरेदीदारानं किंमत सांगितली आणि विकणाऱ्यानं ‘हो’ म्हटलं, की घरापुढं ‘सोल्ड, सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट’ अशी पाटी लागते. बघणाऱ्याला वाटतं, विकलं गेलं. कायद्याच्या दृष्टीनं अजून काहीच झालेलं नसतं. जमीन-घराचा करार लेखी हवा आणि त्यावर दोन्ही पक्षांची सही हवी, असं 1989 चा कायदा सांगतो. ते सही केलेले करार एकमेकांना पोचते होतात त्याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात. तोंडी होकारापासून या एक्स्चेंजपर्यंत कित्येक आठवडे जातात, कधी महिने. सर्व्हे होतो, बँक कर्जाचं बघते, नगरपालिकेच्या नोंदी तपासल्या जातात. या सगळ्या काळात कुणीही, कारण न देता, दुसऱ्याला एक पेनीही न देता बाजूला होऊ शकतं. विकणाऱ्याला मधेच जास्त पैसे देणारा भेटला तर तो पहिल्याला सोडतो. या प्रकाराला ‘गझम्पिंग’ असं खास नावही आहे.

आपल्याकडं इसार दिला-घेतला की शब्द अडकतो. साठेखत झालं की आणखी अडकतो. इथल्या या मोकळ्या काळात काहीच अडकत नाही. ‘फॉल थ्रू’ राहतं ते नेमकं याच काळात. धंद्यात त्याचं नामही झालंय: ‘वी हॅड अ फॉल-थ्रू’. नाम झालं की मधे आडवी रेघ येते.

एक्स्चेंज झाल्यावर चित्र पालटतं. खरेदीदारानं साधारण दहा टक्के अनामत भरलेली असते आणि ताबा घ्यायची तारीख पक्की असते. आता तो फिरला तर अनामत जाते. अशा वेळी मी पत्रात ‘फॉल थ्रू’ लिहीत नाही. ‘द बायर हॅज फेऽल्ड टु कम्प्लीट’ लिहिते. फिसकटलं आणि चुकवलं यातला फरक तो हाच. आधीच्या टप्प्यात कुणाचंच कायदेशीर देणं लागत नव्हतं, म्हणून घटना आपसूक घडल्यासारखी सांगता येते. नंतरच्या टप्प्यात कुणीतरी कबूल केलेलं पाळलेलं नसतं. तिथं कर्ता लागतो, आणि ‘फेऽल’ हे क्रियापद कर्त्याला पकडतं. स्कॉटलंडमध्ये पद्धत निराळी. तिथं दोन्हीकडचे सॉलिसिटर ‘मिसिव्ह’ नावाची पत्रं एकमेकांना पाठवतात, आणि ती पक्की झाली की व्यवहार बांधला जातो.

एक फाइल अजून डोळ्यांसमोर आहे. लेस्टरमधलं भिंतीला भिंत लागून असलेलं घर. तरुण जोडपं घेत होतं. सर्व्हे करणाऱ्याला मागच्या अंगणात, शेडच्या आडोशाला जपानी नॉटवीड सापडलं. ही वनस्पती बांबूसारखी फोफावते, मुळं खोल जातात आणि काढून टाकणं खर्चाचं काम. इथं घर विकताना जो माहितीचा फॉर्म भरतात त्यात तिच्याबद्दल वेगळा प्रश्नच असतो. बँकेनं कर्जाचा हात आखडता घेतला. एजंटनं मला फोनवर सांगितलं ते वाक्य असं: ‘द लेंडर पुल्ड आउट ओव्हर द नॉटवीड, अँड द होल थिंग फेल थ्रू.’

या वाक्यात सगळं आहे. ‘पुल्ड आउट’ला कर्ता आहे, बँक. तिनं माघार घेतली. ‘ओव्हर द नॉटवीड’ हे कारण. कारण सांगायला इथं ‘ओव्हर’ किती सहज येतो बघा; ‘ओव्हर द प्राइस’, ‘ओव्हर अ मिसिंग सिग्नेचर’ असंही म्हणता येतं. आणि शेवटी परिणाम, जो कुणी ‘केला’ असं वाक्य म्हणत नाही. आधी कोण हललं ते सांगा, मग काय फिसकटलं ते. या क्रमानं लिहायची सवय लागली की ‘वी फेल थ्रू’ हातून लिहिलंच जाणार नाही.

कानाचे आणि जिभेचे घोळ

आता त्या ‘फेल’ आणि ‘फेऽल’कडं. मराठीत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ असा भेद आपण करत नाही. इंग्रजीत तो आहे. ‘पडला’मधला ‘ए’ पटकन तुटतो. ‘नापास’मधला ‘ए’ लांबतो आणि शेवटी थोडा ‘इ’कडं झुकतो. आपल्या कानाला दोन्ही सारखे, म्हणून ऐकून शिकलेली मुलं ‘द प्लॅन फेऽल्ड थ्रू’ लिहितात. अर्थही ‘अपयशा’चाच असल्यामुळं चूक लक्षात येत नाही. असं क्रियापद इंग्रजीत नाही. पडण्याचीच रूपं लागतात: आज ‘फॉल्स थ्रू’, काल ‘फेल थ्रू’, आणि ‘हॅज’ नंतर ‘फॉलन थ्रू’.

जोर कुठं द्यायचा? दुसऱ्या शब्दावर. ‘द डील फेल थ्रू’ म्हणताना आवाज ‘थ्रू’वर टेकतो. याउलट ‘ही फेल थ्रू द आइस’ म्हणताना जोर ‘आइस’वर. जोर पहिल्या शब्दावर देऊन ‘थ्रू’ गिळलात, तर समोरचा ‘थ्रू व्हॉट?’ म्हणून पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. शिवाय आपला ‘थ’ इंग्रज कानाला ‘ट’कडं झुकलेला वाटतो. जिभेचं टोक दातांच्या फटीत अलगद ठेवून वारा सोडला की काम भागतं. लिहिताना मात्र जपा. ‘फेकलं’ या अर्थाचा ‘थ्रू’ उच्चारात तंतोतंत सारखा आहे, स्पेलिंग वेगळं. संगणकाला दोन्ही शब्द बरोबर वाटतात, तो लाल रेघ मारत नाही.

लाल रेघ न मारण्यावरून आठवलं. आमच्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका मुलीला एका आजीबाईंना लिहायचं होतं की सोमवारी मी तुमच्या कामाचा पाठपुरावा करून ते तडीस नेईन. त्यासाठी शब्द ‘फॉलो थ्रू’. घाईत ‘फॉलो’चं ‘फॉल’ झालं आणि पत्र गेलं, की सोमवारी ‘वी विल फॉल थ्रू’. आजीबाईंचा फोन शनिवारीच. ‘सोमवारी फिसकटणार हे तुम्हाला आजच कसं कळलं?’ त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. ‘फॉलो थ्रू’ आणि ‘फॉल थ्रू’ यांचे अर्थ जवळपास उलटे आहेत, आणि भारतातल्या ऑफिसांत तर ‘फॉलो अप’, ‘फॉलो थ्रू’ दिवसभर वापरात असतात. म्हणून माझा सल्ला असा: पाठवायच्या आधी मेलमध्ये ‘थ्रू’ शोधा आणि त्याच्या मागचा शब्द मोठ्यानं वाचा.

शेजारपाजारची क्रियापदं

‘कॉल ऑफ’ म्हणजे कुणीतरी ठरवून रद्द करणं. ‘पुल आउट’ म्हणजे एका पक्षानं अंग काढून घेणं. बातम्यांत ही दोन्ही ‘फॉल थ्रू’च्या मांडीला मांडी लावून येतात, आणि लिहिणारा कुणाच्या बाजूनं बघतोय ते त्यावरून कळतं. झी आणि सोनीचं विलीनीकरण आठवतंय? डिसेंबर 2021 मध्ये करार झाला आणि 22 जानेवारी 2024 ला सोनीनं तो संपवल्याचं पत्र पाठवलं. सोनीला कर्ता केलं तर ‘सोनी कॉल्ड ऑफ द मर्जर’. विलीनीकरणालाच कर्ता केलं तर ‘द मर्जर फेल थ्रू’. दोन्ही खरं. पहिल्यात बोट सोनीकडं जातं, दुसऱ्यात कुणाकडंच नाही. ‘सोनी फेल थ्रू द मर्जर’ मात्र कुठंच बसत नाही.

एनव्हिडियानं सप्टेंबर 2020 मध्ये सॉफ्टबँकेकडून आर्म ही कंपनी 40 अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये ते सोडून दिलं. तिथं ‘फॉल थ्रू’ जास्त शोभतं, कारण घेणारा आणि देणारा दोघंही तयार होते. नियामकांनी वाट अडवली. दोघांनाही हवं असताना जे होत नाही, त्याला या शब्दाइतका नेमका दुसरा शब्द नाही. मराठीत अशा वेळी आपण ‘कुठं माशी शिंकली कोण जाणे’ म्हणतो.

फुटबॉल बघणाऱ्या पोरांसाठी याहून चांगलं उदाहरण 31 ऑगस्ट 2015 च्या रात्रीचं. मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर डेव्हिड डे हेआ रेआल माद्रिदला जाणार, सगळं ठरलेलं. स्पेनमधली मुदत मध्यरात्री संपत होती आणि कागद वेळेत पोचले नाहीत. बदली झालीच नाही. ‘द ट्रान्सफर फेल थ्रू.’ दुसऱ्या दिवशी दोन्ही क्लबांनी लांबलचक निवेदनं काढून उशिराचं खापर एकमेकांवर फोडलं. डे हेआनं त्याच सप्टेंबरमध्ये युनायटेडशी नवा करार केला आणि 2023 पर्यंत तिथंच राहिला. इथं ‘डे हेआ फेऽल्ड’ म्हणणं अन्यायाचं होईल, तो बिचारा कागदांची वाट बघत होता.

लग्नाच्या बाबतीत फार घोळ होतो म्हणून थोडं थांबते. स्थळ आलं, बोलणी झाली, पुढं काही कारणानं राहिलं, तर ‘द मॅच फेल थ्रू’. साखरपुडा झाल्यावर एकानं मोडला तर ‘शी ब्रोक ऑफ द एंगेजमेंट’. तिथं कर्ता आहे. लग्न होऊन संसार मोडला तर ‘द मॅरेज ब्रोक डाउन’ किंवा ‘फेल अपार्ट’. आमच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर घटस्फोटाचं काम चालतं. इंग्लंडच्या कायद्यात घटस्फोटाला आधार एकच, विवाहाचं पुन्हा सांधता न येणारं ‘ब्रेकडाउन’. एप्रिल 2022 पासून तर दोष कुणाचा हे सांगावंच लागत नाही. तर झालेल्या लग्नाला ‘फेल थ्रू’ म्हणू नका. ऐकणाऱ्याला वाटेल लग्न झालंच नाही, आणि शेजारी बसलेली मुलं मग कुणाची असा प्रश्न पडेल.

यंत्र बंद पडतं ते ‘ब्रेक्स डाउन’. सिनेमा पडतो तो ‘फ्लॉप्स’. पण सिनेमासाठी पैसे लावणाऱ्यानं ऐनवेळी हात वर केले, तर ‘द फायनान्सिंग फेल थ्रू’. विनोदावर कुणी हसलं नाही तर तो ‘फेल फ्लॅट’. आणि सगळ्यात फसवं म्हणजे ‘फॉल थ्रू द क्रॅक्स’. हा निराळाच वाक्प्रचार. काम कुणाच्या लक्षातच आलं नाही, दोन विभागांच्या मधे राहून गेलं, असा त्याचा अर्थ. ‘तुमचा अर्ज फॉल थ्रू झाला’ आणि ‘तुमचा अर्ज क्रॅक्समधून फॉल थ्रू झाला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यातलं पहिलं तर इंग्रज माणूस अर्जाबद्दल म्हणतच नाही. अर्ज नामंजूर होतो, ‘टर्न्ड डाउन’ होतो.

ऑफिसच्या मेलमध्ये वापरायचं कसं

भाच्यानं पाठवलेला मसुदा असा होता: ‘डिअर सर, वी हॅव फॉलन थ्रू द थर्सडे डेमो ड्यू टु अप्रूव्हल फेऽल्ड. काइंडली डू द नीडफुल.’ मी त्याला फोन करून विचारलं, ‘अरे, डेमो रद्द कुणी केला? तुम्ही की त्यांनी?’

‘मावशी, कुणीच नाही. त्यांच्याच सिक्युरिटीवाल्यांनी डेटा बघायची परवानगी दिली नाही. मग कसा करणार?’

‘मग फिसकटला म्हण.’

‘तेच तर लिहिलंय.’

‘नाही. तू लिहिलंयस की आम्ही मिळून गुरुवारच्या डेमोतून खाली पडलो.’

शेवटी गेलेला मेल असा: ‘आय ॲम अफ्रेड थर्सडेज डेमो हॅज फॉलन थ्रू. द डेटा ॲक्सेस वॉजन्ट अप्रूव्ह्ड इन टाइम. कुड वी ट्राय द फॉलोइंग ट्यूजडे इन्स्टेड?’ त्यात तीन वाक्यं आहेत. आधी वाईट बातमी, ‘आय ॲम अफ्रेड’ची मखमल लावून. मग कारण, कुणाचं नाव न घेता पण लपवाछपवी न करता. मग पुढचा दिवस. ‘हॅज फॉलन’ घेतलं, कारण बातमी ताजी आहे आणि तिचा परिणाम अजून चालू आहे. महिन्याभरानं हीच हकीकत सांगताना ‘द डेमो फेल थ्रू लास्ट मंथ’ होईल. अजून फिसकटलं नाही पण लक्षण बरं दिसत नाही, असं सांगायचं तर ‘इट माइट फॉल थ्रू’ किंवा ‘देअर्स अ रिस्क ऑफ इट फॉलिंग थ्रू’. ‘इज फॉलिंग थ्रू’ चुकीचं नाही, पण कमी ऐकू येतं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. हे क्रियापद कर्ता लपवतं, म्हणून ते पळवाट म्हणून वापरायचा मोह होतो. तुमच्याच टीमनं डेमो रद्द केला असेल तर ‘फेल थ्रू’ लिहू नका. ‘वी हॅव हॅड टु कॅन्सल’ लिहा. इंग्रज वाचणारा अशा ठिकाणी लगेच ताडतो की हात झटकले जातायत. एजंट लोक तर यात मुरलेले. स्वतःच महत्त्वाचा निरोप द्यायला विसरलेला एजंटही गंभीर आवाजात ‘सॅडली, इट फेल थ्रू’च म्हणतो. मी तेव्हा शांतपणे विचारते, ‘हू पुल्ड आउट?’ या प्रश्नापुढं फिसकटलेल्याला कर्ता सापडतो.

तुम्हाला कुणी ‘इट फेल थ्रू’ सांगितलं तर काय म्हणायचं, तेही शिकून ठेवा. ‘व्हाय डिड यू फॉल थ्रू?’ नको. ‘ओह, आय ॲम सॉरी. व्हॉट हॅपन्ड?’ पुरतं.

आता थोडं करून बघा

पुढची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मग माझं उत्तर वाचा.

‘पावसामुळं आमचा महाबळेश्वरचा बेत बारगळला.’ सरळ आहे: ‘अवर महाबळेश्वर प्लॅन फेल थ्रू बिकॉज ऑफ द रेन.’ पण महाबळेश्वरला पोचल्यावर पाऊस लागून मजा गेली असेल, तर ‘द ट्रिप वॉज रुइन्ड’.

‘खंबाटकी घाटात गाडी बंद पडली.’ यंत्र आलं. ‘ब्रोक डाउन’.

‘बँकेनं कर्ज नाकारलं आणि फ्लॅट हातचा गेला.’ नाकारण्याला बँक हा कर्ता द्या, फ्लॅटचा व्यवहार मात्र आपसूक फिसकटू द्या: ‘द बँक टर्न्ड डाउन द लोन, सो द फ्लॅट पर्चेस फेल थ्रू.’

‘त्याची दुबईची नोकरी होता होता राहिली.’ ‘हिज दुबई जॉब फेल थ्रू ॲट द लास्ट मिनिट.’ ‘होता होता राहिली’ हा आपला खास प्रयोग या क्रियापदाच्या अगदी जवळ जातो. नोकरी मिळून नंतर गेली असेल, तर मात्र ‘ही लॉस्ट द जॉब’.

‘काल वाकडच्या चौकात आमचा अपघात होता होता राहिला.’ इथं माझ्या भाच्यासकट सगळे फसतात. ‘होता होता राहिला’ आहे, पण ‘फेल थ्रू’ चालणार नाही, कारण अपघात कुणी आधीपासून ठरवून ठेवलेला नसतो. ‘वी नियरली हॅड ॲन ॲक्सिडेंट’ म्हणा. ‘द ॲक्सिडेंट फेल थ्रू’ असं गाडीच्या विमा कंपनीला लिहिलंत, तर ‘म्हणजे अपघात करायचं तुमचं ठरलं होतं का?’ असं विचारायला त्यांचा माणूस नक्की फोन करील.